कवटीतून परतलेला उजेड

अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च लावून त्यावर बोटं घट्ट दाबली की बोटांच्या कडा लालभडक दिसतात. हा खेळ बहुतेक मुलांना आपला आपण सापडतो. त्यातलं एखादं चौकस मूल विचारतं, "मग आतली हाडं का नाही दिसत?" मोठी माणसं "हाडं जाड असतात ना, म्हणून" असं काहीतरी सांगून सुटका करून घेतात. ते उत्तर चुकीचं आहे. हाडाने उजेड अडवला असता तर क्ष-किरणांच्या फोटोत दिसतो तसा त्याचा स्पष्ट आकार दिसला असता. इथे आकार दिसत नाही, कारण उजेड सरळ जातच नाही. मांसात, चरबीत, हाडात शिरलेला तांबडा उजेड इतक्या वेळा दिशा बदलतो की बाहेर पडेपर्यंत तो कुठून आला, कशाला वळसा घालून आला, याची खूणच उरत नाही.

या पुस्तकाचा विषय हा वाट चुकलेला उजेड आहे. डोक्याच्या कातडीवर एका ठिकाणी मंद तांबूस, डोळ्याला जेमतेम दिसणारा किंवा अजिबात न दिसणारा उजेड सोडायचा. तिथून साधारण तीन सेंटिमीटरवर एक डिटेक्टर ठेवायचा. कातडी, कवटी, मेंदूभोवतीचा द्रव आणि मेंदूचा वरचा थर यांतून भटकून जो थोडासा उजेड पुन्हा वर येतो, तो मोजायचा. त्यावरून आत कुठे रक्त वाढलं, कुठे ऑक्सिजन घटला, हे ताडायचं. सुई टोचायची नाही, क्ष-किरण नाहीत, रुग्णाला बोगद्यात सरकवायचं नाही. या पद्धतीला निअर-इन्फ्रारेड स्पेक्ट्रोस्कोपी म्हणतात. प्रयोगशाळेत तिला सगळे 'निर्स' म्हणतात, आणि मेंदू एखादं काम करत असताना ती वापरली की 'एफनिर्स'.

उजेड डोक्यात शिरतो याचं नवल पहिले काही दिवस वाटतं आणि मग ओसरतं. खरी पंचाईत परत आलेल्या उजेडाची असते. तो नेमकी कोणाची खबर घेऊन आला आहे? कातडीची, हाडातल्या रक्ताची, की मेंदूची? या क्षेत्रातलं जवळजवळ सगळं चांगलं काम या एका प्रश्नाभोवती झालं आहे, आणि ज्या फजित्या झाल्या त्यांतल्या बऱ्याच हा प्रश्न विसरल्यामुळे झाल्या, असं माझं मत आहे. या प्रस्तावनेत मी तोच धागा धरून चालणार आहे.

आपलं शरीर बहुतेक रंगांना बंद असतं. निळा आणि हिरवा उजेड रक्तातलं हिमोग्लोबिन झटकन शोषून घेतं, म्हणूनच टॉर्चच्या पांढऱ्या उजेडातला तांबडा तेवढा बोटांतून पार होतो. दुसऱ्या टोकाला, 950 नॅनोमीटरच्या पुढे, पाणी शोषायला लागतं, आणि शरीरात पाण्याला काय तोटा! या दोहोंच्या मधल्या, साधारण 650 ते 950 नॅनोमीटरच्या पट्ट्यात दोन्ही शोषक जरा सुस्तावलेले असतात. विल्यम हर्शेलने 1800 साली लोलकातून पडलेल्या रंगपट्टीच्या तांबड्या टोकापलीकडे तापमापक ठेवले आणि डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण शोधून काढले. आपली खिडकी त्याच तांबड्याच्या उंबरठ्यावर आहे, थोडी अलीकडे, थोडी पलीकडे.

या खिडकीत हिमोग्लोबिन पूर्ण गप्प बसत नाही, हे आपलं नशीब. ऑक्सिजन घेतलेलं आणि ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन रंगाने वेगळं असतं. 760 नॅनोमीटरच्या आसपास ऑक्सिजन सोडलेलं जास्त शोषतं, 850 ला ऑक्सिजन घेतलेलं जास्त शोषतं, आणि 800 च्या जवळपास दोघांचं शोषण सारखं होतं. दोन तरंगलांबींवर दोन मापं घेतली की अज्ञातंही दोनच उरतात. पुढचा हिशेब शाळेतल्या एकसामयिक समीकरणांचा.

हाच हिशेब महाराष्ट्रातल्या घराघरांत सप्टेंबर 2020 मध्ये झाला होता, फक्त त्या वेळी कोणी त्याला समीकरणं म्हटलं नाही. 'माझे कुटुंब माझी जबाबदारी' या मोहिमेत आशा कार्यकर्त्या आणि स्वयंसेवक दारोदार फिरून बोटाला ऑक्सिमीटर लावत होते, आणि 94 की 97 यावर घरातल्यांचा जीव वरखाली होत होता. त्या चिमट्यामागची कल्पना निहोन कोहदेन या जपानी कंपनीतले अभियंते ताकुओ आओयागी यांची, 1974 ची. बोटातून पार झालेल्या उजेडावर कातडी, हाड, शिरा, धमन्या असा सगळ्यांचाच परिणाम असतो. पण त्यातला नाडीच्या ठोक्याबरोबर हलणारा भाग धमनीतल्या रक्ताचाच असणार, तेवढाच वेगळा काढला की बाकीचा गोंधळ आपोआप बाजूला पडतो, हे आओयागींनी हेरलं. त्यांचं निधन एप्रिल 2020 मध्ये झालं. जगभर लोक त्यांचा चिमटा बोटाला लावून बसले होते तेव्हा.

डोक्यासाठी अशी सोपी युक्ती नाही. नाडी कातडीतही उडते आणि मेंदूतही उडते.

डोक्यातून उजेड आरपार पाहण्याची हौस मात्र जुनी आहे. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांनी 1831 मध्ये एका रुग्णाची हकीकत छापली. त्याच्या डोक्यात पाणी साठून कवटी अवाढव्य झाली होती, आणि मागे मेणबत्ती धरली की डोकं उजळलेलं दिसे. पुढे कित्येक वर्षं नवजात बाळांच्या डोक्यात पाणी आहे का, हे पाहायला डॉक्टर अंधाऱ्या खोलीत टॉर्च वापरत. सोनोग्राफी आली आणि ती पद्धत मागे पडली. पण ते सगळं नुसतं पाहणं होतं. मोजणं सुरू झालं ते 1977 मध्ये.

त्या वर्षी अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले फ्रान्स योब्सिस यांचा छोटा लेख 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्याची पूर्वकथा योब्सिस यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवली आहे. घरी जेवणाच्या टेबलावर मांसातलं एक चपटं हाड उजेडासमोर धरलं असता त्यातून पलीकडच्या बोटाची सावली दिसली, आणि येणारा उजेड तांबडा होता. तांबडा येतो, तर त्याच्या पलीकडचा अवरक्त आणखी सहज येईल, आणि एवढं जाड हाड उजेडाला वाट देतं तर कवटी का नाही देणार, असा त्यांचा तर्क. मग मांजरांवर प्रयोग झाले. माणसांवरही झाले: स्वयंसेवकाला जोरजोरात श्वास घ्यायला लावला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूतल्या वाहिन्या आकसतात, आणि तो फरक डोक्यातून येणाऱ्या उजेडात उमटला.

या कथेतला मला सर्वांत आवडणारा भाग वेगळाच आहे. योब्सिस यांना हिमोग्लोबिनमध्ये फारसा रस नव्हता. ते सायटोक्रोम ऑक्सिडेजच्या मागे होते. पेशी ऑक्सिजन प्रत्यक्ष जिथे खर्च करते तिथलं हे एन्झाइम, आणि त्यातल्या तांब्यामुळे तेही याच खिडकीत थोडंसं शोषण करतं. हिमोग्लोबिनचा मोठा संकेत हा त्यांच्या दृष्टीने मधे येणारा अडसर होता. पुढच्या पिढीने तो अडसरच मोजायला घेतला आणि शास्त्र उभं केलं. सायटोक्रोम मोजण्याचं काम लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये अजून चिकाटीने चालू आहे, आणि माझ्या मते या विषयातलं ते सर्वांत कमी बोललं गेलेलं आणि सर्वांत महत्त्वाचं काम आहे. रक्तात ऑक्सिजन किती आहे, हे हिमोग्लोबिन सांगतं. पेशीने तो वापरला का, हे सायटोक्रोम सांगतं. श्वास कोंडलेल्या बाळाच्या बाबतीत या दोन प्रश्नांमध्ये आयुष्याचा फरक पडतो.

नवी पद्धत सर्वांत आधी दवाखान्यात गेली तीही अशाच बाळांपाशी. ड्यूकमध्येच 1985 च्या सुमारास मुदतीआधी जन्मलेल्या बाळांवर ती वापरली गेली, आणि 1986 मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेजच्या गटाने आजारी नवजातांच्या मेंदूतल्या रक्ताचे आणि ऑक्सिजनचे आकडे 'लॅन्सेट'मध्ये मांडले. बाळच का, तर त्याची कवटी पातळ असते, डोकं लहान असतं आणि केस विरळ असतात. आपल्याकडे ज्या वयात आजी टाळूवर तेल थापते, त्या वयाचं डोकं उजेडासाठी आयुष्यात पुन्हा कधी नसेल इतकं मोकळं असतं.

प्रौढ डोक्यात मात्र उजेडाचे हाल होतात. ऊतींत शिरलेला प्रकाशकण साधारण दर दशांश मिलिमीटरला कशावर तरी आपटतो. आपटून तो बहुतेक वेळा पुढेच जातो, पण एखादा मिलिमीटर गेला की मूळ दिशेचा मागमूस राहत नाही. पावसाळ्यात बोरघाटात धुकं उतरलं की समोरच्या ट्रकचे दिवे दिसत नाहीत, सगळीकडे नुसता पांढुरका उजेड भरून राहतो. डोक्यात तसंच होतं, फक्त हे धुकं कैक पटींनी दाट. तीन सेंटिमीटरवरच्या डिटेक्टरपर्यंत पोचणारा कण सरासरी त्याच्या सहापट, म्हणजे अठराएक सेंटिमीटर भटकून आलेला असतो. वेळ लागतो एक नॅनोसेकंदाहून कमी. जे कण पोचतात त्यांच्या सर्व संभाव्य वाटा एकत्र काढल्या तर दोन्ही टोकं कातडीवर आणि पोट आत, असा आकार होतो. या क्षेत्रात सगळे त्याला सरळ 'केळं' म्हणतात. केळ्याचा मधला भाग मेंदूच्या वरच्या थराला जेमतेम स्पर्श करतो. डिटेक्टर आणखी लांब ठेवला तर केळं खोल जातं, पण पोचणारे कण इतके कमी होतात की मोजायला काही उरत नाही.

यातून दोन मर्यादा निघतात आणि त्या या पुस्तकात वारंवार भेटतील. पहिली खोलीची: कातडीखाली दीड-दोन सेंटिमीटर, फार तर थोडं अधिक. स्मरणशक्तीशी निगडित हिप्पोकॅम्पस, हालचालींशी निगडित मेंदूतळाची केंद्रं, भीतीशी निगडित अमिग्डला यांच्यापर्यंत हा उजेड पोचून परत येत नाही, आणि तसं कोणी विकत असेल तर घेऊ नये. दुसरी मर्यादा आकड्यांची. नेमक्या किती लांब वाटेवर शोषण झालं हे ठाऊक नसल्यामुळे 'इतकं हिमोग्लोबिन आहे' असं साध्या यंत्राला सांगता येत नाही, 'मघापेक्षा इतकं वाढलं' एवढंच सांगता येतं. डेव्हिड डेल्पी आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये ही भटकंतीची लांबी मोजून शोषणाच्या जुन्या बिअर-लँबर्ट नियमाला जी दुरुस्ती सुचवली, तिच्यावर आजही बहुतेक यंत्रं चालतात. तिचं गणित पुढे सविस्तर येईल. घाबरण्यासारखं नाही.

मेंदूच्या कामाचा आणि रक्ताचा संबंध काय, हे एका परिच्छेदात उरकतो. मेंदूचं वजन शरीराच्या 2 टक्के, पण बसल्या जागी तो 20 टक्के ऑक्सिजन खातो. चेतापेशींचा एखादा समूह कामाला लागला की त्या भागात रक्ताचा पुरवठा वाढतो, आणि गरजेपेक्षा जास्तच वाढतो. त्यामुळे ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन वर जातं आणि ऑक्सिजन सोडलेलं खाली येतं. हा फुगवटा यायला पाच-सहा सेकंद लागतात. म्हणजे एफनिर्स विचार मोजत नाही. विचारामागून येणारी रक्ताची लाट मोजतं, आणि तीही रेंगाळत आलेली. एफएमआरआयदेखील हीच लाट चुंबकाने मोजतं, कितीतरी बारकाईने आणि खोलवर. 1993 मध्ये जर्मनी, जपान आणि अमेरिकेतल्या गटांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवून दिलं की कपाळावर किंवा डोक्याच्या मागच्या बाजूला ठेवलेल्या निर्सच्या डिटेक्टरलाही ही लाट दिसते. त्यांतल्या अमेरिकन गटाचे प्रमुख ब्रिटन चान्स. या गृहस्थांनी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवलं होतं. जीवरसायनशास्त्रात एन्झाइमांवरचं त्यांचं काम त्याआधीच नावाजलेलं होतं, आणि नव्वदी ओलांडल्यावरही ते उजेडाने रोग कसा शोधता येईल याच्याच मागे होते. अशी माणसं एखाद्या विषयात असली की तो विषय लवकर मरत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे, आणि इथे मी जरा थांबणार आहे.

जपानमध्ये हिताची कंपनीने 1990 च्या दशकात टोपीवजा यंत्रं तयार केली. त्यावरून एक चाचणी रूढ झाली. रुग्णाला एक अक्षर द्यायचं आणि त्यापासून सुरू होणारे शब्द मिनिटभर सांगायला लावायचे. निरोगी माणसाच्या कपाळामागे ऑक्सिजनयुक्त रक्त झपकन वाढतं. नैराश्य, द्विध्रुवी विकार, स्किझोफ्रेनिया यांत आलेखाचा आकार बदलतो. नैराश्यासारखी लक्षणं असलेल्या रुग्णांत हे विकार वेगळे ओळखायला मदत म्हणून ही चाचणी 2014 मध्ये जपानच्या राष्ट्रीय आरोग्य विम्यात आली. मानसोपचाराला एकदाचं एखादं माप मिळालं, असा आनंद अनेकांना झाला, आणि तो समजण्यासारखाही होता.

पण त्याआधीच, 2011 मध्ये, जपानमधल्याच संशोधकांनी एक साधा प्रश्न विचारला होता. डिटेक्टर तीन सेंटिमीटरवर न ठेवता पाच मिलिमीटरवर ठेवला तर? एवढ्या जवळच्या डिटेक्टरचं केळं कातडीतच संपतं, मेंदूपर्यंत ते जात नाही. तरीही शब्द सांगण्याच्या चाचणीत तिथला आलेख लांबच्या डिटेक्टरसारखाच निघाला. म्हणजे कपाळावर जो संकेत मिळत होता त्याचा मोठा हिस्सा कातडीतल्या रक्ताचा होता. यात नवल काय? चारचौघांत शब्द आठवेनासे झाले की माणूस कावराबावरा होतो, कपाळ तापतं, घाम फुटतो. आलेख त्या अवघडलेपणाचाही असू शकतो. चाचणी पूर्ण निकामी ठरली असं मी म्हणत नाही. कातडीची प्रतिक्रियाही विकारानुसार बदलत असेल. पण मग ती कातडीची चाचणी झाली, आणि तिला तसं म्हणायला हवं.

या धक्क्यातून क्षेत्र शहाणं झालं. आता चांगल्या यंत्रांत लांबच्या डिटेक्टरांच्या जोडीला आठ मिलिमीटरच्या आसपास छोटे डिटेक्टर असतात. ते कातडीचा आलेख काढतात आणि मोठ्या आलेखातून तो वजा होतो. श्वास, नाडी आणि दर दहा सेकंदांनी येणारी रक्तदाबाची संथ लाट हेही चाळून काढावं लागतं. मेंदूमुळे होणारा बदल एकूण उजेडाच्या शंभराव्या भागाच्या आसपास, बऱ्याचदा त्याहूनही कमी. तो या सगळ्यातून निवडायचा असतो. ज्या शोधनिबंधात छोटे डिटेक्टर नाहीत आणि त्याची कारणमीमांसाही नाही, तो वाचताना मी आता हात आखडता घेतो.

मग एवढ्या अडचणी असताना एफएमआरआय सोडून याच्या नादी का लागायचं? कारण चुंबकाच्या बोगद्यात काही माणसं जाऊच शकत नाहीत, आणि काही ठिकाणी बोगदाच जाऊ शकत नाही.

इटलीत त्रिएस्ते इथे जन्मून दोन ते पाच दिवस झालेल्या बाळांवर प्रयोग झाला. तो 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. बाळांना माणसाचं बोलणं ऐकवलं, आणि तेच ध्वनिमुद्रण उलटं चालवूनही ऐकवलं. आवाज तोच, जोर तोच, पण भाषा नाही. सरळ बोलण्याला मेंदूच्या डाव्या बाजूने अधिक प्रतिसाद दिला. ज्याला आईचा चेहराही अजून नीट दिसत नाही, त्याचा मेंदू बोलणं आणि बोलण्यासारखा आवाज यांत फरक करतो. हा प्रयोग एमआरआयच्या खडखडाटात, त्या वयाच्या बाळाला स्थिर ठेवून, फार कठीण गेला असता. इथे मऊ पट्टी, पाळणा आणि एक स्पीकर पुरला.

त्यापुढचं पाऊल पश्चिम आफ्रिकेत गॅम्बियातल्या केनेबा या खेड्यात पडलं. तिथे ब्रिटिश संशोधकांचं पोषणावरचं केंद्र अनेक दशकांपासून आहे. क्लेअर एल्वेल, सारा लॉइड-फॉक्स आणि सहकाऱ्यांनी तिथे एफनिर्सची टोपी नेली. कुपोषणाचा मेंदूवर काय परिणाम होतो, हे मूल शाळेत जाऊन मागे पडेपर्यंत वाट न पाहता पहिल्या दोन वर्षांतच पाहता येईल का, हा त्यांचा प्रश्न. भारतातही उत्तर प्रदेशातल्या शिवगढ परिसरात जॉन स्पेन्सर यांच्या गटाने स्थानिक संस्थेच्या साथीने चार महिने ते चार वर्षं वयाच्या मुलांच्या स्मृतीचा असाच अभ्यास केला आणि तो 2019 मध्ये प्रसिद्ध केला. घरची गरिबी आणि आईचं कमी शिक्षण यांची छाया मुलांच्या मेंदूच्या प्रतिसादात त्यांना दिसली. आपल्याकडे मुलाचं वजन, उंची, दंडाचा घेर अंगणवाडीच्या नोंदवहीत भरला जातो. डोक्यात काय चाललं आहे याचा रकाना त्या वहीत नाही, आणि असा रकाना उद्या लगेच भरता येईल असंही नाही. गटांची सरासरी सांगणारं यंत्र एका मुलाबद्दल बोलू लागायला अजून पुष्कळ काम बाकी आहे.

एका रुग्णाबद्दल बोलता येईल असा एक उपयोग मात्र आज हातात आहे, आणि गंमत म्हणजे त्यात मेंदूच्या कामाचा संबंध नाही. अपघातात डोक्याला मार लागून कवटीखाली रक्त साकळलं की त्या गुठळीत हिमोग्लोबिनची गर्दी होते आणि तिथून परत येणारा उजेड कमी होतो. डोक्याच्या डाव्या आणि उजव्या बाजूच्या तंतोतंत समोरासमोरच्या जागा एकामागून एक तपासायच्या, दोन्हीकडे फरक निघाला की संशय घ्यायचा. कातडीचा प्रश्न इथे बराचसा सुटतो, कारण तुलना त्याच माणसाच्या दुसऱ्या बाजूशी असते. अमेरिकेत असं हातात धरायचं यंत्र 2011 मध्ये मान्यता मिळवून लष्करापर्यंत गेलं. आयसीएमआरच्या पाठबळावर भोपाळचं एम्स, बंगळुरूचं निमहान्स आणि अहमदाबादची बायोस्कॅन रिसर्च ही कंपनी यांनी 'सेरेबो' हे देशी यंत्र तयार केलं आहे. साधारण मिनिटभरात रंगाच्या खुणेने उत्तर, आणि ते चालवायला रेडिओलॉजिस्ट लागत नाही.

अशा यंत्राच्या मर्यादाही तेवढ्याच स्पष्ट आहेत. अमेरिकन यंत्राच्या 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पृष्ठभागापासून अडीच सेंटिमीटरच्या आतल्या, साडेतीन मिलिलिटरहून मोठ्या गुठळ्या 100 पैकी 88 वेळा सापडल्या. खोलवरचा रक्तस्राव चुकतो. दोन्ही बाजूंना सारखं रक्त साकळलं तर तुलनाच फसते, आणि टाळूवर बाहेरून सूज असली तर खोटा इशारा मिळतो. म्हणून यंत्राने 'काही नाही' म्हटलं तरी बेशुद्ध रुग्णाचा सीटी स्कॅन टळत नाही. तालुक्याच्या दवाखान्यातून जिल्ह्याला कोणाला आधी पाठवायचं, अॅम्ब्युलन्स एक आणि जखमी तीन असतील तर काय करायचं, हे ठरवायला ते उपयोगी आहे. ही काही लहान गोष्ट नाही.

यंत्र नीट मोजतं म्हणून रुग्णाचं भलं होतंच असंही नाही, याचा धडा नवजात विभागातून आला. फार अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या मेंदूतल्या ऑक्सिजनवर निर्सने सतत नजर ठेवून त्यानुसार उपचार केले तर मृत्यू आणि मेंदूची गंभीर इजा टळेल, अशी सर्वांची आशा होती. 'सेफबूस-सी' या चाचणीत 17 देशांतली 1601 बाळं होती. 2023 मध्ये निकाल आला: दोन्ही गटांत फरक नाही. असे निकाल कोणी जाहिरातीत छापत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

जाहिरातीत काय छापतात ते आठवायला हवं. 2017 मध्ये फेसबुकने जाहीर केलं होतं की डोक्यावरच्या प्रकाशयंत्राने मनातले शब्द मिनिटाला शंभराच्या गतीने टाइप होतील. 2021 मध्ये त्यांनी ते डोक्यावरचं यंत्र सोडून दिलं. पाच सेकंद उशिरा येणारी, सेंटिमीटरभर पसरलेली रक्ताची लाट आणि मिनिटाला शंभर शब्द, यांचा मेळ कसा बसणार होता हे मला तेव्हाही कळलं नव्हतं. त्याहून वाईट प्रकार 2017 चाच. शरीराचा एकही स्नायू हलवता येत नाही अशा रुग्णांची हो-नाही अशी उत्तरं एफनिर्सने मिळतात, असा दावा एका शोधनिबंधात केला गेला. चौकशीत त्यातल्या विदेत आणि विश्लेषणात दोष निघाले आणि 2019 मध्ये तो मागे घेण्यात आला. मधल्या काळात किती कुटुंबांनी आशा लावली असेल, कोण जाणे.

शेवटचा मुद्दा आपल्या केसांचा. मेलॅनिन हे रंगद्रव्य या खिडकीतही उजेड शोषतं, कातडीतलं आणि केसांतलंही. ऑक्सिमीटरच्या बाबतीत हे 2020 च्या डिसेंबरमध्ये ठळकपणे पुढे आलं. अमेरिकेतल्या रुग्णालयांत यंत्र 92 ते 96 दाखवत असताना रक्तातला खरा ऑक्सिजन 88 च्या खाली गेलेला होता, असं कृष्णवर्णीय रुग्णांत 11.7 टक्के वेळा आणि गोऱ्यांत 3.6 टक्के वेळा आढळलं. डोक्यावर तर कातडीच्या जोडीला दाट, काळे केस येतात. ग्लासगोच्या संशोधकांनी 2025 मध्ये प्रौढ माणसाच्या डोक्याच्या एका बाजूने सोडलेला उजेड थेट दुसऱ्या बाजूला पकडून दाखवला. अद्भुतच काम. पण आठ स्वयंसेवकांपैकी ज्या एकाच्या बाबतीत ते जमलं, तो गोरा होता आणि त्याच्या डोक्यावर केस नव्हते.

आपल्याकडे टोपी बसवणं म्हणजे अर्धी वेळ केशरचनाच. वेणी सोडायची, तेल लावलेलं असेल तर केस एकमेकांना चिकटून पट्टे होतात ते मोकळे करायचे, टिकली काढून ठेवायला सांगायचं. मग प्रत्येक छिद्रातून कापसाच्या काडीने केस बाजूला सारून कातडीचा पांढुरका ठिपका दिसेपर्यंत भांग पाडायचा आणि त्यावर ऑप्टोड, म्हणजे उजेड सोडणारं किंवा टिपणारं टोक, टेकवायचा. एक बसवला की शेजारचा सरकतो. वीस मिनिटांनी मूल कंटाळतं आणि आई म्हणते, "राहू द्या ना, उद्या येतो." ही झटापट शोधनिबंधांच्या पद्धती-विभागात एका ओळीत उरकलेली असते, आणि ज्यांचे संकेत आले नाहीत ते 'वगळले' असं लिहिलेलं असतं. कोण वगळलं गेलं, हे केसांवरून सहज ओळखता येईल. आपल्या डोक्यांसाठी कंगव्यासारखे दाते असलेले ऑप्टोड कोणीतरी आपल्याकडेच घडवायला हवेत.

म्हणून हे पुस्तक डॉक्टर आणि मानसशास्त्राचे विद्यार्थी यांच्याइतकंच अभियांत्रिकीच्या मुलामुलींसाठी लिहिलं आहे. दोन तरंगलांबींचे एलईडी आणि फोटोडायोड बाजारात मिळतात. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एका बाकावर साधं यंत्र उभं राहतं. लेझर वापरणार असाल तर आधी डोळ्यांच्या सुरक्षेचं प्रकरण वाचा, मगच सोल्डरिंग आयर्न हातात घ्या. सुरुवात कपाळापासून करा, तिथे केस नसतात. मात्र तापणारी कातडीही तिथेच असते, तेव्हा तीन सेंटिमीटरच्या डिटेक्टरबरोबर आठ मिलिमीटरचा दुसरा डिटेक्टर पहिल्याच यंत्रात बसवा. दोन्हींचं सर्किट पाचव्या प्रकरणात दिलं आहे.